जोराचा रक्तस्राव थांबवायला सोसायटीतल्या लोकांना शिकवायचंय: काय घ्यावं, काय सोडावं?

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या आधी आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये मंडळाचे कार्यकर्ते, वॉचमन, घरकामाच्या मावशी आणि ज्यांना यायचंय ते रहिवासी असे चाळीसेक जण जमवतोय. शिकवायची गोष्ट एकच: भळाभळा वाहणारं रक्त ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कसं थांबवायचं. प्रथमोपचाराचं अख्खं पुस्तक नको. साप, भाजणं, फ्रॅक्चर, सीपीआर हे पुन्हा कधीतरी. हातात दीड तास आहे.

प्रश्न असे. दीड तासात काय घ्यायचं आणि काय सोडायचं? स्लाइड्सचा काही उपयोग होतो का? टूर्निकेट (हात-पाय आवळून रक्त थांबवायची पट्टी) विकत घ्यायची, की ओढणी-पट्ट्यावर भागतं? ऑनलाइन काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत दिसतायत, दिसायला सगळ्या सारख्याच. सरावासाठी जखमेचं मॉडेल घरी बनवता येईल का? आणि एक प्रश्न हमखास येणार: "मदत केली आणि उद्या पोलिसांचं लचांड मागे लागलं तर?" याचं नेमकं उत्तर हवंय.

ट्रॉमा_सिस्टर

विषय एवढाच ठेवलात हे फार चांगलं केलंत. एका दिवसात दहा गोष्टी ऐकलेल्या माणसाला प्रसंग आल्यावर एकही आठवत नाही.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. मांडीतली मुख्य धमनी तुटली तर ३ ते ५ मिनिटांत जीव जाऊ शकतो. संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर १०८ कितीही तातडीने निघाली तरी एवढ्या वेळात पोचणं कठीण. म्हणजे हे काम शेजारी उभ्या असलेल्या माणसाचंच आहे, आणि सुरुवातीला हेच सांगा. अमेरिकेत २०१२ च्या शाळेतल्या गोळीबारानंतर सर्जन मंडळींनी हाच विचार धरला आणि २०१५ मध्ये 'स्टॉप द ब्लीड' मोहीम सुरू झाली. तिचा अभ्यासक्रमही दीड तासाच्या आत बसतो.

पहिली पंधरा मिनिटं फक्त ओळखण्यावर घालवा. रक्त उसळून येतंय, थांबतच नाही, जमिनीवर थारोळं साचतंय, कपडे किंवा बांधलेलं बँडेज भिजून निथळतंय, हात-पाय तुटलाय, किंवा रक्त वाहतंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय नाहीतर बेशुद्ध आहे: यातलं एक जरी दिसलं तरी हा जीवघेणा रक्तस्राव. हे तोंडी सांगून कळत नाही. लाल रंगाचं पाणी २५० मिली, ५०० मिली आणि १ लिटर असं मोजून एकदा फरशीवर, एकदा जुन्या जीन्सवर आणि एकदा मातीच्या ट्रेमध्ये ओता. फरशीवर पाव लिटरही भयंकर दिसतं आणि जीन्समध्ये अर्धा लिटर जिरलेलं कळतही नाही. म्हणून कपडा कापून किंवा वर सारून जखम उघडी करायची सवय लावा. जाड कपड्यावरून दाबत बसलं तर नेमकी रक्ताची जागा बोटाखाली येतच नाही.

पुढची चाळीस मिनिटं दाबण्यावर आणि जखमेत बँडेज ठासून भरण्यावर. बहुतेक शिबिरांत टूर्निकेट आधी काढतात, कारण ती दाखवायला छान दिसते. मला हे पटत नाही. टूर्निकेट फक्त हाता-पायाला चालते आणि बहुतेक वेळा ती जवळ नसते. दोन हात मात्र कायम बरोबर असतात.

दाबायचं कसं? माणसाला कठीण जमिनीवर आडवा करा, गादीवर नको. खालून आधार नसेल तर तुमचा जोर गादी खाते. गुडघ्यावर बसा, जखमेवर स्वच्छ कापड किंवा गॉज, त्यावर एक तळहात, त्यावर दुसरा. कोपरं सरळ, खांदे हाताच्या बरोबर वर. मोठ्या परातीत कणीक मळताना जसं अंगाचं वजन टाकतो तसं टाकायचं. नुसत्या मनगटाच्या जोराने दाबणारा दीड-दोन मिनिटांत ढिला पडतो आणि त्याला ते कळत नाही. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवून प्रत्येकाला दोन मिनिटं दाबायला लावा, आकडा कसा उतरत जातो ते ज्याचं त्याला दिसेल.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे "थांबलं का?" म्हणून दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलून बघणं. दर वेळी नुकती धरू लागलेली गुठळी उपटली जाते. साधा गॉज किंवा कापड असेल तर घड्याळ लावून १० मिनिटं हात हलवायचा नाही. रक्त गोठवणारं औषध लावलेला गॉज असेल तर किमान ३ मिनिटं. वरून रक्त आलं तर आणखी कापडांचा ढीग रचत बसू नका. ढीग वाढला की जोर पसरतो आणि जखमेपर्यंत पोचत नाही. त्यापेक्षा नेमकी जागा चुकली आहे का बघा आणि पुन्हा जास्त जोराने दाबा.

जखम खोल असेल आणि जांघ, काख, खांदा किंवा मान अशा जागी असेल, जिथे टूर्निकेट बांधताच येत नाही, तिथे ती भरावी लागते. रोलर बँडेजचं टोक बोटाने थेट आत, जिथून रक्त येतंय तिथपर्यंत न्यायचं. एक बोट आत दाबून ठेवायचं, दुसऱ्या हाताच्या बोटाने पुढची घडी सरकवायची, असं जागा संपेपर्यंत. वर थोडा उंचवटा राहिला की दोन्ही हातांनी दाब. लोक वरवर बोळा ठेवतात आणि म्हणतात भरलं. आतली पोकळी रिकामी राहिली तर रक्त आत साचत राहतं. बँडेज निर्जंतुक नाही म्हणून थांबू नका, संसर्गावर नंतर औषध देता येतं.

छातीच्या आणि पोटाच्या जखमेत मात्र बँडेज कधीही भरायचं नाही. तिथलं रक्त आतल्या पोकळीत जातं, बाहेरून भरून ते थांबत नाही. पोटातून आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, ओल्या स्वच्छ कापडाने झाका आणि लवकरात लवकर हॉस्पिटल गाठा. चाकू, काच, सळई रुतली असेल तर उपटू नका. तिच्या दोन्ही बाजूंनी कापड लावून दाबा. कवटीला खड्डा पडल्यासारखा वाटला तर त्या जागेवर जोर नको, कडेने धरा.

आणि हळद, कॉफी पावडर, चुना, राख यातलं काहीही नाही. धमनीच्या दाबापुढे ते टिकत नाही आणि सर्जनला जखम धूत बसावं लागतं.

सेफ्टी_चाकण

सिस्टरांशी पूर्ण सहमत. टूर्निकेट आणि सामानाचं मी सांगतो.

अस्सल टूर्निकेटची पट्टी दीड इंच रुंद असते आणि फिरवायचा दांडा वाकत नाही. ऑनलाइन काहीशे रुपयांना मिळणाऱ्या बहुतेक नकला असतात: दांडा वाकतो किंवा मधेच तुटतो, शिवण उसवते, वेल्क्रो सुटतं. दहा नकला घेण्यापेक्षा अस्सल दोन घ्या, पण अधिकृत विक्रेत्याकडून. सरावाची वेगळी ठेवा. रोज पिळून पिळून पट्टी थकते, म्हणून सरावातली पुन्हा खऱ्या पेटीत टाकायची नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर, उन्हातही नको.

लावायची जखमेच्या २ ते ३ इंच वर, म्हणजे धडाच्या बाजूला. गुडघा, कोपर अशा सांध्यावर नाही. जखम सांध्याजवळ असेल तर सांधा ओलांडून वर. खिशात मोबाइल, किल्ल्या असतील तर आधी काढा. आता खरी गंमत पट्टीत आहे, दांड्यात नाही: दांड्याला हात लावायच्या आधी पट्टी इतकी घट्ट ओढायची की खाली बोटं शिरू नयेत. दांडा तीनपेक्षा जास्त वेढे फिरवावा लागतोय, म्हणजे पट्टी सैल राहिली होती. मग रक्त थांबेपर्यंत फिरवायचं, दांडा खाचेत अडकवायचा आणि वेळ लिहायची. पट्टीवर लिहिता येत नसेल तर जखमी माणसाच्या कपाळावर मार्करने "टू ६:४०" असं लिहिलं तरी चालतं.

ही खूप दुखते. रोगी ओरडतो, "सोडा, सोडा" म्हणतो आणि घाबरून लोक सैल करतात. तसं करायचं नाही. दुखतंय म्हणजे चुकीची लागली असं नाही, हे वर्गात तीन वेळा सांगा. "दर दहा मिनिटांनी सैल करा" हा जुन्या पुस्तकांतला सल्लाही विसरा. तेवढ्यात पुन्हा रक्त जातं. दोन तासांच्या आत हॉस्पिटल गाठलं तर हाता-पायाला कायमची इजा होणं दुर्मीळ आहे. सोडायची ती डॉक्टरनेच. एकीने थांबलं नाही तर तिच्या लगेच वर दुसरी.

अर्धवट घट्ट टूर्निकेट ही मुळीच नसण्यापेक्षा वाईट. शिरांमधलं रक्त परत जायचं बंद होतं, पण धमनीतून येतच राहतं, मग जखमेतून उलट जास्त वाहतं. कमरेच्या पट्ट्याचं नेमकं हेच होतं: कातडं कडक असतं, पुरेसं पिळता येत नाही. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांनंतर जखमींना २७ टूर्निकेट लावल्या गेल्या, त्या सगळ्या हाताला येईल त्यातून जुळवलेल्या होत्या. जुळवाजुळवीचाच भरवसा धरायचा नाही, हा धडा तिथून घेतला गेला.

तरीही नाइलाज असेल तर ओढणी घ्या. घडी घालून दोन बोटं तरी रुंद पट्टी करा, दोन वेढे, अर्धी गाठ, गाठीवर स्पॅनर किंवा लाटणं, त्यावर पूर्ण गाठ, मग पीळ आणि शेवटी दांड्याचं टोक दुसऱ्या कापडाने बांधून टाका. पेन्सिल आणि बॉलपेन मोडतात. सुतळी, वायर, बुटाची नाडी मांसात रुतते आणि नसा चिरडते.

तुमच्याकडे कारखान्यात काम करणारे रहिवासी असतीलच, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पॉवर प्रेसमध्ये हात अडकला असेल तर आधी मेन स्विच बंद. अडकलेला असताना दाबामुळे रक्त कमी दिसतं, मशीन उघडताच उसळतं. म्हणून सुटका करायच्या आधीच टूर्निकेट दंडावर चढवून ठेवायची आणि हात मोकळा होताच पिळायची. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. बोट थेट बर्फावर ठेवलं की मांस गोठून खराब होतं आणि जोडता येत नाही. पण आधी माणसाचं रक्त थांबवा, बोट त्यानंतर.

१९४८ च्या कारखाना कायद्याने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी सांगितली होती. पेट्या भिंतीवर दिसतातही. कुलूप लावलेलं असतं आणि किल्ली पहिल्या शिफ्टच्या सुपरवायझरकडे! सोसायटीतही हेच होतं. पेटीला कुलूप लावू नका. वॉचमनच्या केबिनमध्ये, नजरेसमोर, एका पेटीत: २ टूर्निकेट, ४ इंची रोलर बँडेजच्या ६ गुंडाळ्या, गॉजची पाकिटं, ६ इंची क्रेप बँडेज २, नायट्रिल हातमोजे मोठ्या मापाचे, कपडे कापायची बोथट टोकाची कात्री, मार्कर, चांदीसारखी चकाकणारी पातळ थर्मल शीट. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातात घाला. डेटॉल, कापूस आणि चिकटपट्ट्या यांची पेटी वेगळी ठेवा, नाहीतर घाईत तेच उपसत बसतात.

कर्वेनगरकर

खूपच उपयोगी, दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. एक, आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक बरेच आहेत, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे, दोघं डायलिसिसवर. त्यांच्यासाठी वेगळं काही? दुसरी, संक्रांतीच्या आसपास दुचाकीस्वारांचे मांजाने गळे कापले जातात. मानेला तर काही बांधताही येत नाही.

धनकवडीचे_सर्जन

मांज्याचं आधी. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो आणि पुलांवर दुचाकीस्वारांच्या गळ्याला लागतो. मानेवरचा नियम एका वाक्यात: वेढा कधीच नाही, फक्त ज्या बाजूला जखम आहे त्याच बाजूने बोटांनी नेमका दाब. दोन्ही बाजू एकदम दाबल्या तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो, पुढून दाबलं तर श्वासनलिका. जखम खोल असेल तर गॉज भरून त्यावर बोटं. जखम क्षणभरही उघडी ठेवू नका, कारण मानेतल्या मोठ्या शिरेतून हवा आत ओढली जाऊ शकते. म्हणूनच त्याला उठवून बसवू नका, आडवाच ठेवा. अपवाद एकच: तोंडात, घशात रक्त येऊन तो गुदमरत असेल तर कुशीवर, किंवा त्याला ज्या स्थितीत श्वास घेता येतोय त्या स्थितीत. हेल्मेट काढायच्या नादात दाब सुटू देऊ नका. मांजा गळ्यात रुतलेला दिसला तर ओढू नका, दोन्हीकडून कापा.

ज्येष्ठांमध्ये एक गोष्ट कुणी शिकवत नाही, आणि ती घरातच जीव घेते: पायावरच्या फुगलेल्या निळ्या शिरा. त्यातली एखादी बाथरूममध्ये नुसत्या खाजवण्याने फुटते, दुखत नाही, आणि माणूस खुर्चीत बसून वाहू देत राहतो. उपाय इतका सोपा आहे की लोकांना खरा वाटत नाही. आडवं करा, पाय छातीच्या वर उचलून भिंतीला टेकवा, आणि त्या जागेवर बोटाने दाबा. टूर्निकेट नको, ती सैल लागली तर शिरेतलं रक्त वाढेल.

डायलिसिसच्या फिस्च्युलामधून (सुई टोचण्यासाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेतून) रक्त आलं तर एक किंवा दोन बोटांनी त्या छिद्रावरच नेमका दाब, हात उंच. टॉवेल किंवा जाड बँडेज गुंडाळायचं नाही, त्याखाली रक्त वाहत राहतं आणि दिसत नाही. १०८ ला "डायलिसिसचा फिस्च्युला" हे शब्द सांगा. बोटाने दाबूनही उसळत राहिलं तरच वर टूर्निकेट. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दाबायची वेळ वाढवा, १० ऐवजी १५-२० मिनिटं, आणि गोळीचं नाव हॉस्पिटलला कळवा.

सेफ्टीभाऊंच्या मुद्द्यात छोटी भर. जखम अंधारात किंवा कपड्यांमुळे दिसतच नसेल तर दोन-तीन इंच मोजत बसू नका, मांडीच्या किंवा दंडाच्या अगदी वरच्या टोकाला लावा. "पोटरीत आणि हाताच्या पुढच्या भागात दोन हाडं असतात म्हणून तिथे टूर्निकेट चालत नाही" असं अजूनही सांगितलं जातं. ते बरोबर नाही, तिथेही ती काम करते.

रक्त थांबल्यावरचं काम मात्र सगळे विसरतात. माणसाला पंख्याखालून बाजूला घ्या, ओले कपडे काढा, खाली आणि वर पांघरूण घाला. अंग गार पडलं की रक्त गोठायची क्रिया मंदावते आणि थांबलेलं पुन्हा सुरू होतं. पुण्याच्या उन्हाळ्यातसुद्धा. पाणी, चहा, ग्लुकोज काही पाजू नका. ऑपरेशनच्या वेळी उलटी फुप्फुसात जाते.

कलम_कायदा

पोलिसांच्या लचांडाबद्दल. मोटार वाहन (सुधारणा) कायदा, २०१९ ने कलम १३४अ आणलं. रस्ता अपघातात सद्भावनेने, कसलीही अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून चूक होऊन इजा किंवा मृत्यू झाला तरी दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हे तुमच्या इच्छेवर. त्याआधी ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या याबाबतच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप दिलं होतं. हॉस्पिटल मदत करणाऱ्याला अडवून ठेवू शकत नाही, पैसेही मागू शकत नाही.

हे कलम मोटार अपघातापुरतं आहे. घरात काच लागली किंवा मंडपात पत्रा पडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३० बघा: बेशुद्ध माणसाच्या भल्यासाठी, संमती घेणं शक्य नसताना सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे. शुद्धीत असेल तर आधी विचारा, "मी दाबून धरू का?" यावर वर्गात पाच मिनिटं पुरेत.

सराव_प्रशिक्षक

मॉडेलचं राहिलं. गादीवाल्याकडून ४ इंच जाडीचा फोमचा तुकडा घ्या, वीतभर लांब-रुंद. मधोमध तिरकं भोक कापा, तोंडाशी दोन बोटं जातील एवढं, खोली तीन इंच. तिरकं अशासाठी की सरळ भोकात बँडेज आपोआप तळाशी जातं, खऱ्या जखमेत जात नाही. फोम पाणी पितो, म्हणून भोकाच्या आतून पातळ रेक्झिन किंवा जुन्या रबरी हातमोज्याचं कापड चिकटवा. बाजूने छिद्र पाडून सलाइनच्या सेटची नळी भोकाच्या तळाशी आणा. दुसऱ्या टोकाला अर्ध्या लिटरची मऊ सलाइनची बाटली, त्यात खाण्याचा लाल रंग. मदतनीस बाटली थांबून थांबून दाबतो, तसं तसं "रक्त" उसळतं. भोक बँडेजने नीट भरलं की बाटली दाबताना हाताला अडथळा लागतो. दाबणाऱ्याला न विचारता मदतनीसाला कळतं की आता थांबलं. खाली ताडपत्री घाला, तो रंग फरशीच्या सांध्यांतून निघत नाही.

चाळीस जणांना असे आठ फोम, पाच-पाच जणांचे गट. एकच मॉडेल ठेवलंत तर पाच जण करतील आणि पस्तीस मोबाइलवर शूट करतील. स्लाइड्स दहाच्या आत, त्याही ओळखण्याच्या भागापुरत्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत प्रत्यक्ष वर्ग केलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के लोकांनी टूर्निकेट बरोबर लावली. नुसतं सूचनांचं कार्ड हातात दिलेल्यांत हे प्रमाण पाव हिश्शाच्याही खाली होतं. पण ३ ते ९ महिन्यांनी वर्गवाल्यांचंही ५५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. म्हणून गणपतीआधी एक वर्ग आणि संक्रांतीआधी वीस मिनिटांची उजळणी, हे आत्ताच सोसायटीच्या कॅलेंडरवर टाका.

शेवटच्या वीस मिनिटांत तिघातिघांचे प्रसंग घ्या. एक दाबतो. दुसरा १०८ किंवा ११२ ला फोन करतो: स्पीकर चालू, इमारतीचं नाव, जवळची खूण, "खूप रक्त जातंय" आणि समोरच्याने सांगेपर्यंत फोन कट नाही. तिसरा पेटी आणतो, गेट उघडतो, लिफ्ट खाली धरून ठेवतो. नावाने काम सांगायला शिकवा. "कोणीतरी फोन करा" म्हटलं की कोणीच करत नाही. "रमेशदादा, तुम्ही १०८ लावा आणि लागला की मला सांगा" म्हटलं की होतं.

एकदा दिवे घालवून आणि ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग मोठ्याने लावूनही करून बघा. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर ओरडून सांगितलेलं शेजाऱ्यालाही ऐकू जात नाही. हाताच्या खुणा आधी ठरवाव्या लागतात: मूठ म्हणजे दाब धरून ठेव, दंडावर थाप म्हणजे टूर्निकेट आण. तुमचे कार्यकर्ते त्या गर्दीत असणार, तर हा भाग मावशींपेक्षा त्यांच्याकडून जास्त वेळा करून घ्या. आणि मावशींना वेगळा गट द्या, सेक्रेटरींच्या गटात त्या पुढे येऊन फोमला हात लावणार नाहीत.